समुद्राने टाकलेली माणसं

१८०७ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी ब्रिटिश आरमाराचं 'ॲन्सन' हे लढाऊ जहाज कॉर्नवॉलमधल्या फालमथ बंदरातून बाहेर पडलं. नेपोलियनशी युद्ध चालू होतं आणि फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यात त्याला दाखल व्हायचं होतं. वाटेत वादळाने गाठलं. कप्तान चार्ल्स लिडियर्डने जहाज परत फिरवलं, पण फालमथ हुकलं आणि जहाज पश्चिमेच्या उपसागरात वाऱ्याच्या तोंडी सापडलं. नांगर तुटले. २९ डिसेंबरला ते पोर्थलेव्हनजवळच्या लो बार या वाळूच्या दांड्यावर आदळलं. किनारा हाकेच्या अंतरावर होता. मोठी डोलकाठी मोडून किनाऱ्याकडे कलली आणि तिच्यावरून सरपटत काही खलाशी वाचले. कप्तानासह साठांहून अधिक माणसं जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली.

पुढचे कित्येक दिवस प्रेतं किनाऱ्याला लागत राहिली. ती कड्यावर खड्डे खणून पुरण्यात आली. शवपेटी नाही, कफन नाही, प्रार्थना नाही. राजासाठी लढायला निघालेल्या माणसांना असं पुरलेलं पाहून कॉर्नवॉलमध्ये संताप उसळला. पण त्या पुरण्यात बेकायदा काही नव्हतं. किनाऱ्याला लागलेलं अनोळखी प्रेत कुणाचंच नसे. ते ख्रिस्ती माणसाचं आहे की नाही हे कोण सांगणार, आणि चर्चच्या आवारात पुरायचं तर खर्च कुणी करायचा, असे प्रश्न पुढे यायचे. म्हणून जिथे सापडेल तिथेच खड्डा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. हेल्स्टन गावच्या टॉमस ग्रिल्स नावाच्या वकिलाने ती बदलायचं मनावर घेतलं. त्याने मसुदा तयार केला आणि १८०८ मध्ये पार्लमेंटने तो कायदा म्हणून मंजूर केला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं प्रत्येक प्रेत त्या त्या पॅरिशने, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपल्या दफनभूमीत रीतसर पुरावं. झालेला खर्च काउंटीच्या तिजोरीतून भरून मिळेल. प्रेताची खबर देणाऱ्याला पाच शिलिंग बक्षीस मिळेल.

कायदा चांगला होता. तो किनाऱ्यापर्यंत पोहोचायला मात्र माणूस लागला. कॉर्नवॉलच्या अगदी उत्तर टोकाला, डेव्हनच्या सीमेला भिडलेलं मॉरवेन्स्टो नावाचं पॅरिश आहे. तिथे हा कायदा खऱ्या अर्थाने लागू झाला तो रॉबर्ट स्टीफन हॉकर हा पाद्री तिथे राहायला आल्यावर. त्याची नेमणूक १८३४ च्या अखेरीस झाली, म्हणजे कायदा होऊन सव्वीस वर्षं उलटल्यावर.

मॉरवेन्स्टोचा किनारा समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट नीट कळणार नाही. पश्चिमेला सरळ अटलांटिक. मध्ये आडोसा म्हणून काही नाही. वारा बहुतेक वेळ त्याच दिशेने येतो आणि शिडाच्या जहाजाला जमिनीकडे रेटतो. ब्रिस्टल, ग्लॉस्टर, कार्डिफ, स्वानसी या बंदरांना जाणारी-येणारी जहाजं याच तोंडातून जायची, आणि वादळात शिरायला जागा शोधायची तर पॅडस्टोपासून लंडी बेटापर्यंत नाव घेण्यासारखं बंदर नाही. मॉरवेन्स्टोच्या दक्षिणेला ब्यूड गावाचं आहे, पण तेही भरतीवर अवलंबून. समुद्र खवळलेला असताना त्याच्या तोंडात शिरणं म्हणजे जुगार. हेन्ना क्लिफ हा कडा समुद्रापासून सुमारे साडेचारशे फूट सरळ उभा आहे. त्याच्या पायथ्याशी वालुकाश्म आणि शेलचे थर घड्या पडून उभे झालेले आहेत, आणि त्यांच्या धारदार रांगा किनाऱ्यापासून थेट पाण्यात घुसलेल्या आहेत. त्या रांगांमध्ये सापडलेलं लाकडी जहाज एका भरतीत फळ्या-फळ्या होऊन जाई. माणसांचं काय होई ते हॉकरच्या पत्रांत आहे आणि ते वाचवत नाही. हार्टलँड पॉइंटवर दीपगृह लागलं ते १८७४ साली. तोवर हॉकरचं आयुष्य संपत आलं होतं.

या कड्याच्या माथ्यावरून थोडं आत, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या घळीच्या कडेला संत मॉरवेन्नाचं चर्च उभं आहे. मॉरवेन्ना ही केल्टिक संतांपैकी. पाचव्या-सहाव्या शतकात वेल्स, आयर्लंड, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी यांच्यामध्ये समुद्रमार्गे जाणारी-येणारी ही माणसं. बहुतेकांना रोमने कधी संतपद दिलं नाही. लोकांनीच त्यांना संत मानलं आणि गावांना त्यांची नावं दिली. कॉर्नवॉलचा नकाशा अशा नावांनी भरलेला आहे. परंपरेप्रमाणे मॉरवेन्ना ही वेल्समधल्या ब्रिखन राजाची मुलगी. त्या राजाला चोवीस मुलं होती असं सांगतात आणि कॉर्नवॉल-डेव्हनमधले बरेच संत त्याच घरातले निघतात. शेजारच्या हार्टलँडचा संत नेक्टन हा तिचा भाऊ. मॉरवेन्नाने चर्च बांधायला घेतलं तेव्हा कड्याच्या तळाशी उतरून एक दगड तिने डोक्यावर वाहून वर आणला. अर्ध्या वाटेत दम खायला तो खाली ठेवला, तिथे झरा फुटला. शेवटच्या आजारात तिने भावाला आपल्याला उठवून बसवायला सांगितलं, कारण समुद्रापलीकडे आपल्या मुलखाचा किनारा तिला एकदा पाहायचा होता. इतिहास म्हणून यातलं काही सिद्ध करता येत नाही. पण कड्यात, आता पोहोचायला अवघड अशा जागी, तिच्या नावाची विहीर आहे.

आजचं चर्च तिच्या काळानंतर पाचसहाशे वर्षांनी उभं राहिलेलं, नॉर्मन घडणीचं. दारावरच्या कमानीत नागमोडी कोरीवकाम आहे. आत उत्तरेकडच्या जाड, गोल कमानींवर तेच नक्षीकाम आणि त्यात माणसांची, जनावरांची, चोच असलेल्या पक्ष्यांची तोंडं आहेत. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र त्याहूनही जुनं, सॅक्सन काळातलं मानतात. ते ओबडधोबड, अंड्याच्या आकाराचं, कमरेला दोरीसारखा पीळ कोरलेलं आहे. बाकांच्या लाकडी कडा सोळाव्या शतकातल्या, हाताने कोरलेल्या. वेदीजवळच्या उत्तर भिंतीवर पुसट झालेलं एक जुनं चित्र आहे. त्यात एक कृश स्त्री गुडघे टेकलेल्या माणसाला आशीर्वाद देते आहे. तीच मॉरवेन्ना, अशी हॉकरची खात्री होती. कमानींवरची ती नागमोडी नक्षी म्हणजे गालीलच्या सरोवरावरच्या लाटा, असंही तो सांगायचा. तज्ज्ञांना ते पटत नाही. हे नक्षीकाम इंग्लंडभर नॉर्मन इमारतींवर आहे. पण ज्या खिडक्यांवर वादळाच्या रात्री समुद्राचा आवाज आदळतो, त्या चर्चमध्ये उभं राहून एखाद्याला दगडात लाटा दिसल्या तर मला ते चुकीचं वाटत नाही.

हॉकर आला तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ मॉरवेन्स्टोमध्ये कुणी पाद्री कायम राहिलेला नव्हता. गाव विखुरलेलं, गरीब, शेतकरी आणि मजुरांचं. बरेचसे मेथडिस्ट पंथाकडे वळलेले. चोरटी आयात हा जोडधंदा होताच. हॉकर एकतीस वर्षांचा होता, प्लिमथमध्ये जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकलेला. एकोणिसाव्या वर्षी त्याने शार्लट आयॅन्सशी लग्न केलं होतं. ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी होती. लोकांनी या लग्नाबद्दल पुष्कळ बोलून घेतलं, पण ते चाळीस वर्षं टिकलं आणि शेवटपर्यंत प्रेमाचं राहिलं. तो कवीही होता. १८२५ मध्ये त्याने कॉर्नवॉलच्या लोकांवर एक पोवाड्यासारखं गीत लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते नाव न देता छापलं. ते जुनं लोकगीतच आहे असं वॉल्टर स्कॉटला वाटलं, मेकॉलेलाही वाटलं, आणि डिकन्सने १८५२ मध्ये आपल्या साप्ताहिकात ते तसंच छापलं. आज ते कॉर्नवॉलचं राष्ट्रगीत असल्यासारखं गायलं जातं.

गावात त्याने आपल्या पैशाने शाळा बांधली आणि कर्ज करून ठेवलं. धोकादायक ओढ्यावर पूल व्हावा म्हणून वर्गणी गोळा केली, त्यात थेट राजा चौथ्या विल्यमकडूनही पैसे मिळवले. १ ऑक्टोबर १८४३ रोजी त्याने गावकऱ्यांना चर्चमध्ये बोलावलं, नव्या गव्हाची भाकरी प्रार्थनेत वाटली आणि पीक घरात आल्याबद्दल देवाचे आभार मानले. आपल्याकडे नव्याची पुनव जशी, तसा तो दिवस होता. इंग्लंडभर आज चर्चमधून जो सुगीचा सण होतो, त्याची सुरुवात बहुतेक लोक याच दिवसापासून मोजतात.

पण या सणाच्या आदल्या वर्षी, १८४२ च्या सप्टेंबरमध्ये, 'कॅलेडोनिया' फुटलं. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावचं हे दोन डोलकाठ्यांचं ब्रिग जहाज रात्रीच्या वादळात मॉरवेन्स्टोच्या खडकांवर गेलं. पहाटे घरातल्या पोऱ्याने हॉकरला उठवलं. खाली प्रेतं पडली आहेत, असं सांगताना तो रडत होता आणि त्याच्या हातात एक जिवंत कासव होतं. असा प्राणी त्याने जन्मात पाहिला नव्हता. समुद्राने काय आणून टाकलं आहे ते कळेना म्हणून तो ते उचलून घेऊन आला होता. हॉकर झोपायच्या कपड्यांवरच, पायातल्या सपातांसह धावत सुटला. कड्याच्या वाटेने खाली उतरला. एडवर्ड ले डेन नावाचा जर्सी बेटावरचा एक तरुण खलाशी तेवढा जिवंत सापडला. कप्तान स्टीव्हन्सन पीटर आणि त्याचे सगळे सोबती मेले होते.

प्रेतं वर आणणं हे काम किती कठीण होतं ते त्या कड्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं. आज चांगल्या बुटांनी, कोरड्या हवेत, रिकाम्या हातांनीही ती वाट उतरताना पाय थरथरतात. तिथून भिजलेली, सुजलेली प्रेतं दोरांनी आणि पाठीवर वर आणायची. माणसं तयार होत नसत, आणि त्यांना दोष देता येत नाही. हॉकर स्वतः खाली जायचा. त्यांना तो कायद्यापेक्षा जास्त पैसे द्यायचा, दुर्गंध सहन व्हावा म्हणून जिन पाजायचा. सगळी प्रेतं एकदम मिळत नसत. आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनीही भरतीबरोबर काही ना काही येत राही, आणि ते अख्खं माणूस नसे. हॉकरने ते तुकडेही गोळा करायला लावले. एखादा हात, एखादा पाय सापडला तरी तो आवारात आणून पुरायचा आणि त्याच्यासाठीही तीच प्रार्थना म्हणायचा. चर्चच्या फाटकाला लागून एक खोली होती. तिथे प्रेतं धुऊन, गुंडाळून ठेवली जायची आणि मग मिरवणुकीने आत नेली जायची.

'कॅलेडोनिया'च्या माणसांना फाटकाजवळ पुरलं. जहाजाच्या नाळेवरची पांढरी लाकडी मूर्ती किनाऱ्याला लागली होती. स्कॉटिश टोपी घातलेली, हातात तलवार आणि गोल ढाल घेतलेली ती बाई हॉकरने थडग्यांवर उभी केली. संगमरवर आणायला पैसे नव्हते, आणि खलाशांना हे चिन्ह जास्त ओळखीचं वाटलं असतं असं मला वाटतं. दीडशेहून अधिक वर्षं ती पावसापाण्यात उभी होती. लाकूड कुजू लागलं तेव्हा दुरुस्त करून मूळ मूर्ती चर्चच्या आत हलवली. बाहेर आहे ती तिची प्रतिकृती.

पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, 'फिनिक्स' आणि 'अलोन्झो' फुटली. 'अलोन्झो'च्या माणसांच्या थडग्यावर जहाजाची छोटी होडी उलटी करून ठेवली होती. मग वर्षामागून वर्षं हे चालूच राहिलं. हॉकरने आपल्या कारकिर्दीत चाळीसहून अधिक प्रेतं या आवारात आणली. ज्यांची नावं कळली त्यांच्या घरी त्याने पत्रं लिहिली: मुलगा कुठे आहे, कसा पुरला, कोणती प्रार्थना म्हटली. बुडालेल्या खलाशाच्या आईला तो कुठे पडला आहे एवढं कळणं ही त्या काळात सहसा न मिळणारी गोष्ट होती. उरलेले अनामिक राहिले. त्यांच्यासाठी ग्रॅनाइटचा क्रूस आहे.

याची किंमत हॉकरने आपल्या जिवाने चुकवली. वारा पश्चिमेकडून वाहू लागला की त्याला झोप येत नसे. रात्रभर तो उठून खिडकीपाशी जाई. पत्रांमधून दिसतं की वादळ हा शब्दही त्याला नकोसा झाला होता, आणि तरी तो तिथून हलला नाही. नंतरच्या वर्षांत अफूची सवय लागली. ती कशाने लागली याच्या अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत; या रात्रींचा तिच्याशी संबंध नव्हता असं मला मानता येत नाही. फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतूनच त्याने कड्याच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून एक झोपडी उभारली. तिथे बसून तो तासन्‌तास पाहत राही, कविता लिही, पाहुणे आले की त्यांनाही तिथे नेई. कवी टेनिसन १८४८ मध्ये मॉरवेन्स्टोला आला होता आणि दोघे राजा आर्थरच्या दंतकथांवर बोलत राहिले होते. आज ती झोपडी नॅशनल ट्रस्टची सगळ्यात लहान मालमत्ता म्हणून ओळखली जाते आणि तिला पाहायला पुष्कळ लोक येतात.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. हॉकरचं नाव आज निघतं ते बहुतेक वेळा हसण्यासाठी. तरुणपणी ब्यूडच्या खडकावर डोक्याला शेवाळ लावून तो जलपरी होऊन गात बसला आणि गावकऱ्यांना फसवलं. रविवारी उंदीर मारला म्हणून त्याने मांजराला धर्मबहिष्कृत केलं. तो डुकराला फिरायला न्यायचा. पाद्र्याच्या काळ्या कपड्यांऐवजी जांभळट कोट, कोळ्याची निळी जर्सी आणि समुद्री बूट घालायचा; घोड्याच्या पिवळ्या घोंगडीला भोक पाडून अंगात घालायचा आणि संत पॅडर्न असंच नेसायचा म्हणून सांगायचा. घराच्या धुराड्या त्याने ओळखीच्या चर्चांच्या मनोऱ्यांसारख्या बांधल्या आणि स्वयंपाकघराची धुराडी आईच्या थडग्यासारखी. यातलं काही खरं आहे. धुराड्या तर अजून उभ्या आहेत. पण बरंचसं सबाइन बेअरिंग-गूल्डच्या १८७६ सालच्या चरित्रातून आलं आहे. हॉकरच्या मृत्यूनंतर अवघ्या वर्षभरात त्याने ते घाईने लिहिलं, ऐकीव गोष्टी न तपासता घातल्या, आणि पुस्तक इतकं वाचनीय झालं की त्यातला हॉकरच लोकांच्या डोक्यात बसला. मांजराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीस प्रेतांची गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर येते.

कोळ्याची जर्सी आणि बूट यांचंही मला आश्चर्य वाटत नाही. वर्षातून अनेकदा कड्याखाली उतरायचं असेल तर माणूस दुसरं काय घालणार?

दुसरी एक खोटी समजूतही याच किनाऱ्याला चिकटलेली आहे. कॉर्नवॉलचे लोक वादळी रात्री खोटे दिवे लावून जहाजं खडकांवर ओढत, असं कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी जगाला पटवलं. त्याला ठोस पुरावा मिळत नाही. किनाऱ्याला लागलेला माल लोक उचलून नेत, हे मात्र निःसंशय खरं. गरिबांच्या गावात फुटलेलं जहाज म्हणजे लाकूड, कापड, दारू, लोखंड. हॉकरच्या गावातही ते चालायचं, आणि त्याच गावची माणसं त्याच्या हाकेला कड्याखालीही उतरायची.

आपल्या दृष्टीने या किनाऱ्यावरची सगळ्यात जवळची घटना ऑक्टोबर १८६२ मधली आहे. 'बेंकूलन' हे मोठं मालवाहू जहाज लिव्हरपूलहून निघालं होतं आणि त्याला मुंबईला पोहोचायचं होतं. जहाजाचं नाव सुमात्रामधल्या एका बंदरावरून ठेवलेलं, मालात मुंबईसाठी तारायंत्राचं सामान. निघून आठवडाभर होतो न होतो तोच वादळाने डोलकाठ्या गेल्या, आणि ते २१ तारखेला ब्यूडच्या किनाऱ्यावर, गावाच्या समोर येऊन अडकलं. किनाऱ्यावरून अग्निबाणाने दोर फेकले गेले, पण त्यांचा उपयोग करून घेता आला नाही. लाइफबोट होती, पण तिचे खलाशी त्या लाटांत बोट घालायला धजले नाहीत. जहाजावरच्या माणसांनी तराफा बांधला. त्यावरून मोजकेच किनाऱ्याला लागले. बहुतेक सगळे मेले. मॉरवेन्स्टो तिथून दहाएक किलोमीटरवर. प्रवाहाबरोबर काही प्रेतं वर सरकून येणार हे हॉकरला ठाऊक होतं. ब्यूडच्या लाइफबोटीवर त्याने संतापून एक कविता लिहिली. ती वाचताना मला ती अन्यायाची वाटते. त्या दिवशीच्या समुद्रात बोट घातली असती तर तीही फुटली असती, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्याने वीस वर्षं प्रेतं वेचली त्याचा राग समजून घ्यायला हवा. 'बेंकूलन'च्या नाळेवरची मूर्ती ब्यूडच्या चर्चच्या आवारात अनेक वर्षं थडग्यांवर उभी होती. मॉरवेन्स्टोमध्ये 'कॅलेडोनिया'ची उभी होती तशीच. आता ती मूर्ती ब्यूडच्या संग्रहालयात आहे.

मुंबईच्या बंदरात लागलेल्या जहाजांचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला आहे. इथे येण्यासाठी निघालेल्या आणि कधीच न पोहोचलेल्या माणसांचा लिहिला गेलेला नाही. त्यातले काही कॉर्नवॉलच्या मातीत आहेत.

शार्लट १८६३ मध्ये गेली. मॉरवेन्स्टोमध्येच तिला पुरलं. त्यानंतर काही महिने हॉकर खचून गेला होता. पुढच्या वर्षाच्या अखेरीस साठी ओलांडलेल्या हॉकरने पॉलीन कुचिन्स्की या विशीतल्या तरुणीशी लग्न केलं. तीन मुली झाल्या. थोरलीचं नाव त्याने मॉरवेन्ना ठेवलं. संतिणीची कथा त्याने स्वतः अनेक वर्षं चुकीची सांगितली होती. बर्टन इथल्या मॉडवेन्ना नावाच्या दुसऱ्याच साध्वीच्या गोष्टी तो तिच्या नावावर लावायचा. पण ते नाव त्याने गावाला परत दिलं यात शंका नाही. वेल्सचा किनारा पाहायला धडपडणारी ती मुलगी आणि समुद्राने आणून टाकलेले खलाशी, दोघंही त्याच्या मनात एकाच पॅरिशची माणसं होती. १८६९ मध्ये 'ॲव्हनमोर' फुटलं तेव्हाही, वय झालेलं असताना, त्याने पुन्हा तेच काम केलं.

१८७५ च्या उन्हाळ्यात तो आजारी पडला आणि प्लिमथमध्ये होता. १४ ऑगस्टच्या रात्री त्याला रोमन कॅथलिक पंथात घेण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. इंग्लंडच्या चर्चचा पाद्री चाळीस वर्षं नोकरी करून शेवटच्या रात्री पंथ बदलतो, यावरून वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. तो कधीपासून मनाने कॅथलिक होता, बायकोने दबाव आणला का, पगार खात राहिला का, अशा चर्चा महिनोन्‌महिने चालल्या. बेअरिंग-गूल्डचं घाईचं पुस्तक त्याच धुरळ्यात बाहेर आलं. हॉकरला प्लिमथच्या फोर्ड पार्क दफनभूमीत पुरलं. शोक करणाऱ्यांनी काळ्याऐवजी जांभळे कपडे घातले होते. मॉरवेन्स्टोच्या आवारात त्याचं थडगं नाही.

आज ब्यूडहून उत्तरेकडे जाताना कड्यावर पांढऱ्या प्रचंड तबकड्या दिसतात. ब्रिटिश सरकारचं दूरसंदेश टिपणारं केंद्र तिथे आहे. त्या मागे टाकल्या की रस्ता अरुंद होत चर्चच्या फाटकापाशीच संपतो. बहुतेक प्रवासी फाटकातून सरळ पुढे जाऊन, शेतं ओलांडून झोपडीकडे वळतात. तिथे जरूर जा, पण आधी फाटकाजवळच्या झाडांखाली थांबा. उतारावरून चर्चमध्ये उतरा, बाप्तिस्म्याचं पात्र आणि कमानी पाहा, मग आत ठेवलेली 'कॅलेडोनिया'ची मूर्ती. आणि हॉकरविषयी एकच पुस्तक वाचायचं असेल तर बेअरिंग-गूल्डचं वाचू नका. हॉकरचा जावई सी. ई. बाइल्स याने १९०५ मध्ये त्याचं चरित्र आणि पत्रं छापली, ते वाचा. त्यात मांजर कमी आहे आणि खलाशी जास्त आहेत.